नाथसागरापासून मुंबई बंदरापर्यंत: जहाजांच्या गर्दीत रिमोट बोट चालवायला शिकणाऱ्यांसाठी

पैठणला धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की समोरचा काठ दिसत नाही. लहानपणी आम्ही त्यालाच समुद्र म्हणायचो. पाण्याची खोली मोजणारी रिमोट बोट मी पहिल्यांदा चालवली ती याच नाथसागरात. काही वर्षांनी तेच काम मुंबई बंदरात, कंटेनर जहाजांच्या वाटेशेजारी करायला लागले, तेव्हा कळलं की हात सरावले होते, पण डोकं अजून धरणावरच होतं.

हल्ली संभाजीनगर, जालना, नांदेडकडची डिप्लोमा-इंजिनिअरिंग केलेली मुलं या कामासाठी विचारणा करतात. बरीच जण ड्रोन उडवून आलेली असतात. "ताई, समुद्र कधी पाहिला नाही, जमेल का?" असं विचारतात. जमतं. काय क्रमाने शिकायचं आणि पाय कुठे घसरतो, ते इथे लिहिते आहे. मला हे कुणी एका जागी सांगितलं नव्हतं.

१. रिमोट हातात घेण्याआधी नियम पाठ करा

समुद्रावरच्या वाहतुकीचे नियम म्हणजे १९७२ चे आंतरराष्ट्रीय टक्कर प्रतिबंधक नियम. सगळे त्यांना 'कोलरेग' म्हणतात. बोटीवर माणूस नसला तरी हे नियम सुटत नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, स्वयंचलित जहाजांच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. माणूस बोटीवर नाही आणि नियंत्रण दुसरीकडून चालतं, ही तिसरी पायरी. तुमची बोट तिथे बसते. अशा मोठ्या मालवाहू जहाजांसाठी वेगळी संहिता तयार होते आहे आणि ती २०३२ पासून बंधनकारक करायचं उद्दिष्ट आहे. पण आज समोरून येणाऱ्या जहाजाचा कॅप्टन तुमच्याकडून कोलरेगच अपेक्षित धरतो.

नियम ५ ते १० आणि १३ ते १९ झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. नवख्यांचा गोंधळ मुख्यतः दोन ठिकाणी होतो.

पहिला गोंधळ असा: "उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, तो माझ्या डावीकडून येतोय, म्हणजे वाट त्याने द्यायची." उघड्या समुद्रात हे बरोबर आहे. पण अरुंद चॅनलमध्ये (जहाजांच्या ठरलेल्या खोल पाण्याच्या वाटेत) नियम ९ आणि वाहतूक विभाजन पट्ट्यात (जिथे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या वाटा वेगळ्या आखलेल्या असतात) नियम १० सांगतो की २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाच्या वाटेत अडथळा करायचा नाही. आपल्या बहुतेक रिमोट बोटी त्याहून कितीतरी लहान असतात. चॅनलमधलं जहाज तर खोल पाण्याच्या पट्ट्याबाहेर वळूच शकत नाही, वळलं तर गाळात बसेल. म्हणून तिथे हक्काचा हिशोब करत बसू नका. तिढा पडायच्या आधीच बाजूला व्हा.

दुसरा गोंधळ म्हणजे "आमची बोट मानवरहित आहे, तिला सगळे सांभाळून घेतील" ही समजूत. मानवरहित बोटीला कोलरेगमध्ये वेगळा मान नाही आणि वेगळा दिवाही नाही. लक्ष वेधायला पिवळा लुकलुकता दिवा लावणारे मी पाहिले आहेत. नियमांत तो हवेच्या गादीवर चालणाऱ्या होव्हरक्राफ्टचा दिवा आहे. लाल-पांढरा-लाल असे एकाखाली एक दिवे म्हणजे "कामामुळे मला सहज वळता येत नाही". ते खरं असेल तरच लावा.

२. कागदपत्रं

बंदरात काम असेल तर साधारण एवढी फाइल तयार हवी:

- बंदर प्राधिकरणाच्या सागरी विभागाची लेखी परवानगी, तारीख-वेळ आणि क्षेत्राच्या नकाशासह
- नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलिसांना दिलेल्या सूचनेची पोच
- बोटीची नोंदणी आणि तिसऱ्या पक्षाचं नुकसान भरून देणारा विमा
- व्हीएचएफ (समुद्रावर बोलायचा रेडिओ) आणि एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) यांचा परवाना, नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओ-ओळख क्रमांक (भारताचा ४१९ ने सुरू होतो)
- रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचं प्रमाणपत्र
- जोखमीचा लेखी आढावा, आणि लिंक (बोट आणि किनाऱ्यावरचा कन्सोल यांच्यातला रेडिओ संपर्क) तुटली तर बोट काय करेल याचं एक पान
- चालू नकाशे आणि नाविकांसाठीच्या सूचना. देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय त्या काढतं
- भरती-ओहोटीचं कोष्टक

सरावासाठी नाथसागरात उतरणार असाल तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. हे पक्षी अभयारण्य आहे, म्हणून वनविभागाचीही लागते. आणि मासेमारी करणाऱ्या संस्थेला प्रत्यक्ष जाऊन भेटा. या भेटीला कागद लागत नाही, म्हणून लोक ती टाळतात, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

एक कडक सूचना: लिंकसाठी बाहेरून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा मोडेम परवानगीशिवाय वापरू नका. आपल्याकडे तो गुन्हा आहे. किनाऱ्याजवळ तो सापडला तर प्रकरण बोटीपुरतं राहत नाही.

३. बोटीला डोळे, कान आणि आवाज द्या

नियम ५ म्हणतो, डोळ्यांनी, कानांनी आणि मिळेल त्या सगळ्या साधनांनी सतत पाळत ठेवा. कॅमेरा सगळेच बसवतात, मायक्रोफोन विसरतात. जहाज पाच छोटे भोंगे देतं तेव्हा ते म्हणत असतं, "तुझा इरादा मला कळत नाहीये." कन्सोलपुढे बसलेल्या तुम्हाला ते ऐकू आलं नाही तर तुम्ही बहिरे. शंभर-दोनशे रुपयांचा माइकसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरा, पण वाऱ्याचा आवाज गाळणारा जलरोधक माइक घ्या.

कॅमेरा एक-दोन मीटर उंचीवर असतो. तिथून क्षितिज तीन सागरी मैलांच्याही आतच संपतं, आणि लाट उठली की लहान होडी तिच्याआड जाते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे काचेवर वाळले की दुपारच्या उन्हात सगळं चित्र पांढरं होतं. तेव्हा काच धुणारा छोटा पंप लावून घ्या.

एआयएसबद्दल भाबडा विश्वास ठेवू नका. लहान बोटींचं साधं क्लास बी यंत्र चालू असताना ३० सेकंदांनी एकदा जागा सांगतं. मोठ्या जहाजाचं क्लास ए २ ते १० सेकंदांनी सांगतं. शिवाय गर्दीच्या जागी आपल्या स्क्रीनवरची क्लास बीची चिन्हं लपवायची सोय मोठ्या जहाजांवर असते. आपण एआयएसवर आहोत म्हणजे त्यांना दिसतोच आहोत, असं नाही. उलट बाजूने, एआयएस नसलेल्या होड्या तुमच्या स्क्रीनवर येणारच नाहीत. म्हणून रडार परावर्तक, म्हणजे रडारच्या लहरी परत पाठवणारा तुकडा, उंच लावा. नाथसागराच्या फुगवट्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून माणसं जाळी टाकतात, ये-जा करतात. थर्माकोल रडारवर उमटतच नाही. हे आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही, आणि समुद्रावर गेल्यावर त्याचा फार उपयोग होतो.

४. लिंक तुटणारच, असं धरून चला

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते बाकी सगळं यावर उभं आहे.

ड्रोनवाल्यांच्या हाताला एक सवय असते: सिग्नल गेला की यंत्र आपोआप घरी येतं. आकाश मोकळं असतं म्हणून ते खपतं. माझ्या पहिल्या बोटीतही तीच सोय होती आणि मी ती तशीच ठेवली होती. फेब्रुवारीतली सकाळ होती, पाणी आरशासारखं. बोट काठापासून दीड किलोमीटरवर ओळी मारत होती. माझ्या लॅपटॉपची बॅटरी संपली आणि स्क्रीन काळी झाली. मी वायर शोधत असताना बोटीने आज्ञाधारकपणे तोंड वळवलं आणि सरळ रेषेत माझ्याकडे निघाली. मध्ये एका भोई काकांची जाळी पसरलेली होती आणि काका स्वतः तराफ्यावर होते. त्यांनी हातातल्या फळीने पाणी मारत तराफा कसाबसा बाजूला घेतला. बोट जाळ्यात शिरली, पंखा गुंडाळला आणि इंजिन घुसमटून बंद पडलं.

विळ्याने जाळं कापून काढायला दोन तास लागले. जाळ्याचे पैसे मी दिले. काका रागावले नाहीत. हातातला नायलॉनचा गुंता सोडवत एवढंच म्हणाले, "ताई, तुमची नाव घराकडं निघाली ते ठीक हाय. पण मधली वाट कुणाची, ते तिला कुठं माहीत?"

माझं सगळं शिक्षण त्या वाक्यात झालं. आता तराफ्याच्या जागी ३०० मीटर लांबीचं जहाज ठेवा.

बंदरात लिंक केव्हा तुटते ते पाहा. तुमची अँटेना किनाऱ्यावर आहे, बोट चॅनलच्या पलीकडे आहे. मधून कंटेनर जहाज जातं. ते म्हणजे पोलादाची चालती भिंत. तुमच्या ५.८ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला ती ओलांडता येत नाही. म्हणजे जहाज जवळ असतं, तुमचा हात बोटीवर असायलाच हवा, नेमकी तेव्हाच बोट हातातून जाते. आणि "घरी परत" लावलं असेल तर तुमच्याकडे येणारी सरळ रेषा त्या जहाजातूनच जाते.

म्हणून एकच फेलसेफ (लिंक तुटल्यावर बोटीने आपोआप करायची कृती) सगळीकडे चालत नाही. मार्गाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं ठरवा:

- चॅनलच्या बाहेर, मोकळं पाणी: वेग कमी करून जागेवरच थांबणं.
- चॅनल ओलांडताना, अर्ध्याच्या अलीकडे: मागे वळून चॅनलबाहेरच्या ठरलेल्या बिंदूवर जाऊन थांबणं.
- अर्ध्याच्या पलीकडे: तोच वेग, तीच दिशा धरून पलीकडे निघून जाणं. मध्ये थांबणं सगळ्यात वाईट.
- जाळी, धक्का किंवा पोहणारी माणसं जवळ: इंजिन बंद.

वेळही ठरवा. आम्ही पाच सेकंद लिंक गेली की वेग उतरवतो आणि वीस सेकंदांनी ठरलेली कृती सुरू करतो. अपवाद चॅनल ओलांडण्याचा, तिथे वेग उतरवायचा नाही. तुमच्या बोटीला हे आकडे वेगळे लागतील.

इंजिन बंद करण्याचा रेडिओ मुख्य लिंकपासून पूर्ण वेगळा हवा, वेगळ्या बॅटरीवर. आणि सुरुवातीचे कित्येक महिने माणसं असलेली एक सोबतीची बोट जवळ ठेवा. तो बंद करायचा रेडिओ तिच्यावरच्या माणसाच्या गळ्यात असू द्या.

रोज निघण्याआधी धक्क्याजवळ लिंक खरोखर तोडून पाहा. मेनूमधली 'चाचणी' पुरेशी नाही. कन्सोलचा रेडिओ बंद करा. (चालू रेडिओची अँटेना उपसू नका, रेडिओ जळू शकतो.) बोट काय करते ते डोळ्यांनी बघा. पानावर लिहिलेलं एक आणि सॉफ्टवेअरमध्ये कालच्या कामाचं दुसरंच, असं दोनदा सापडलं आहे.

पुढे मुंबई बंदरात एक जहाज मध्ये आलं आणि साधारण चाळीस सेकंद बोट आमच्या हातात नव्हती. ती चॅनलच्या बोयांबाहेर (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांबाहेर) जागेवर डुलत राहिली. जहाज पुढे सरकलं, चित्र परत आलं. कन्सोलच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही. मला मात्र ते काका आठवले.

५. मार्ग आखताना पाणी वाहतं हे विसरू नका

धरणातलं पाणी उभं असतं, खाडीतलं वाहतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, आणि तेवढं पाणी बंदराच्या तोंडातून आत-बाहेर होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. पहिली कामं भांगाच्या दिवसांत घ्या.

हिशोब करून बघा. चॅनल ४०० मीटर रुंद धरा, बोटीचा वेग चार नॉट, म्हणजे सेकंदाला दोन मीटर. ओलांडायला साधारण सव्वातीन मिनिटं. पाण्याला दोन नॉटचा ओढा, म्हणजे प्रवाहाची ओढ, असेल तर तेवढ्यात बोट २०० मीटर बाजूला वाहून जाते. इथे ऑटोपायलट फसवतो. नकाशावरची रेषा सोडायची नाही म्हणून तो बोटीचं तोंड ओढ्याकडे तिरकं करतो. रेषा नकाशावर सरळ दिसते, पण बोट जास्त वेळ जहाजांच्या वाटेत राहते, आणि समोरच्या कॅप्टनला तिचं तोंड भलतीकडेच दिसतं. वाहतूक विभाजन पट्टा ओलांडताना बोटीचं तोंड काटकोनात ठेवा, असं नियम १० सांगतो. वाहून जाऊ द्या, पण लवकर पार व्हा. पलीकडे पोचायची जागा वाहण्याचा हिशोब धरून आधीच निवडा.

आणि चाचण्या गर्दीत घेऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीवरचं नियंत्रण सुटलं आणि ती घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून जास्त माणसं गेली. त्या स्पीडबोटीवर तर चालवणारी माणसं होती. नवं सॉफ्टवेअर, नवा पंखा, नवी मोटर यांची परीक्षा प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर घ्या. आपल्याला त्यासाठी धरणं आहेत.

६. प्रत्यक्ष चालवताना

बेअरिंग बघा. जहाज ज्या दिशेला दिसतं तो कोन तोच राहतोय आणि अंतर कमी होतंय, तर टक्कर ठरलेली आहे. शेतरस्त्यावरून मोटरसायकलने सडकेकडे येताना आडव्या जाणाऱ्या ट्रकचं जे होतं, तेच. ट्रक आरशाच्या एकाच कडेला चिकटून राहिला की आपण आपसूक ब्रेक दाबतो. स्क्रीनवर ते अंगाला जाणवत नाही, म्हणून दर मिनिटाला कोन कागदावर लिहा.

वळायचं तर लवकर आणि ठळक वळा. पाच-पाच अंशांनी केलेले बदल समोरच्याला दिसत नाहीत. ३०-४० अंश वळा, दिसू द्या.

जहाजाच्या नाळेपुढून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, कधीही जाऊ नका. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, नाळेपुढचं पाणी दिसत नाही. नियमाने दोन जहाज-लांब्या किंवा ५०० मीटर यांतलं जे कमी असेल तेवढं पाणी झाकलेलं चालतं. तुमची बोट त्या आंधळ्या पट्ट्यात शिरली की त्यांच्यासाठी ती नाहीच. १५ नॉटने येणारं जहाज एक सागरी मैल चार मिनिटांत कापतं. तुम्ही त्याच्याकडेच पाच नॉटने चालला असाल तर तीन मिनिटांत. मागून जायला कितीही वळसा पडला तरी मागूनच जा.

व्हिडिओ उशिरा येतो हे धरून चला. दीड सेकंदाचा उशीर असेल तर आठ नॉटने चाललेली बोट चित्रात दिसते त्याच्या सहा मीटर पुढे असते. धक्क्याजवळ सहा मीटर फार होतात.

व्हीएचएफवर चॅनल १६ आणि बंदराने दिलेला चॅनल, दोन्ही ऐकत राहा. बोलणं थोडक्यात, जहाजाचं नाव घेऊन: "मोटर व्हेसल अमुक, धिस इज अनक्रूड सर्व्हे बोट तमुक, ऑन युवर पोर्ट बो. आय विल पास अ‍ॅस्टर्न ऑफ यू. ओव्हर." म्हणजे, मी तुमच्या पुढच्या डाव्या बाजूला आहे, तुमच्या मागून जाईन. सांगाल तेच करा. उत्तराची वाट पाहत वळणं लांबवू नका. मच्छीमार बोटीवरच्या तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, मात्र सरळ मराठीत बोला.

टेबलावर दोघं हवेतच. एक चालवतो, दुसरा फक्त पाहतो आणि ऐकतो. तासाला जागा बदला. मोबाइल खोलीच्या बाहेर.

७. जाळी, रात्र, पाऊस

मुंबईच्या आसपास कोळी बांधव डोल जाळी लावतात. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली पिशवीसारखी ती जाळी वाहत्या पाण्यात उघडी राहते. वर दिसतात ते थोडे तरंगते पिंप, डबे. नकाशात ते सापडणार नाही. काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी जवळच्या कोळीवाड्यात जा, तुमचा नकाशा दाखवा, त्यांना त्यावर बोट ठेवायला सांगा. एक सकाळ जाते आणि पंखे वाचतात.

रात्री आणि मुसळधार पावसात पहिल्या वर्षी बोट पाण्यात घालू नका.

८. काही बिघडलं तर

क्रम असा: आधी इंजिन बंद किंवा बोट चॅनलबाहेर, मग बंदराच्या वाहतूक नियंत्रणाला रेडिओवर जागा आणि स्थिती, मग सोबतीची बोट. फोन सगळ्यात शेवटी, आणि साहेबांना तर त्याहूनही नंतर. नवखी मुलं उलट करतात. बोट वाहत असते आणि ती ऑफिसला फोन लावत असतात. बोट तुमच्या हातात नसेल तर तसं स्पष्ट सांगा: "नॉट अंडर कमांड." लपवलेली दहा मिनिटं दुसऱ्या कुणाच्या अंगावर येतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली तेव्हा कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्याला लागलं आणि बंदराची वाहतूक कित्येक दिवस विस्कळीत झाली. चॅनल अडला की वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांचा न्हावा शेवाला गेलेला मालही तिथेच अडतो.

काम संपल्यावर त्याच दिवशी नोंद लिहा: लिंक किती वेळा गेली, बोट कुठे होती, मध्ये काय आलं होतं, बोटीने काय केलं. व्हिडिओची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी एका नकाशावर टिंबं देऊन मांडल्या की लिंक कुठे हमखास जाते ते दिसतं. आमच्या नकाशावर अशी टिंबं एका वळणाजवळ गोळा झाली होती. आम्ही अँटेना तिथून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर हलवली.